सुलोचनामावशीचा डबा

लोकहो, सायबर कॅफेत बसून लिहितेय. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या चर्चमधलं कुणी दवाखान्यात असलं की घरं आळीपाळीनं डबा देतात. आज नंबर आमचा, आणि पेशंट कोण, तर सुलोचनामावशी! खुब्याचं हाड मोडलंय. याच बाईनं पेठ वडगावच्या पाहुण्यांचे कान भरून माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं.

आई म्हणाली, "प्रभूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय. माणसं निवडून नव्हं."

"मग तूच जा की!" मी म्हटलं. पण तिचे गुडघे दुखतात. शेवटी भांडी आपटत मीच पांढरा रस्सा केला.

दवाखान्यात जाऊन डबा उघडला, तर मावशी म्हणते कशी, "आधी तू खा. इख घातलं असशील, तुझा काय भरवसा?"

सगळा वॉर्ड बघायला लागला. डबा खिडकीतून भिरकावावा असं वाटलं. तरी दात-ओठ खात चमचाभर प्याले.

मीठच नव्हतं. रागाच्या भरात घालायचं राहिलेलं.

मी काही बोलायच्या आत तिनं डबा ओढला आणि सगळा रस्सा संपवला. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "इख न्हाय. पर मीठ बी न्हाय की!"

ना आभार, ना माफी. मला ती अजूनही आवडत नाही. उद्याचा डबा खरं तर दुसऱ्या घरचा. पण उठताना मी बोलून बसले, "उद्या मीठ घालून आणते."

सांगा, याला प्रेम म्हणायचं का? कारण तिच्यासाठी माझ्याकडं याहून जास्त काही नाही.