तीन फोल्डर, एक मेकफाइल आणि म्हात्रे सर

म्हात्रे सरांची पहिली ओळख झाली ती ओरडा खाऊनच. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात मी नुकतीच रुजू झाले होते. सगळा कोड मी एकाच फाइलीत कोंबलेला पाहून सर म्हणाले, "मॅडम, उद्या यात काही शोधायचं झालं तर तुम्हाला घरून बोलवायचं का?" असा राग आला मला! पण लगेच चहा सांगून ते शेजारी बसले आणि कामाप्रमाणे फोल्डर कसे पाडायचे ते त्यांनी दाखवलं. जवळच्याच मुर्धा गावच्या मिठागरवाल्या घरातले हे सर लिनक्समध्ये आम्हा सगळ्यांचे गुरू.

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, २.६ आवृत्ती नवीन होती तेव्हाची गोष्ट. कापड तपासणाऱ्या मशीनच्या कार्डासाठी आम्ही ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये बसवायचं मोड्यूल, लिहीत होतो. तिघांचे तीन फोल्डर. आणि आमचं शहाणपण बघा, प्रत्येकाने आपल्या फोल्डरात स्वतःची मेकफाइल, म्हणजे कुठल्या फाइली जोडून काय बनवायचं ते सांगणारी फाइल, टाकली! सगळं बिनतक्रार कंपाइल झालं. गिऱ्हाइकासमोर चालवलं, तर कार्ड वाचणारं फंक्शनच सापडेना. ते फंक्शन माझं. मालक माझ्यावर भडकले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका!" घरात कमावती मी एकटीच होते.

सरांनी तिन्ही फोल्डर पाहिले. चिडले की त्यांच्या तोंडी गावची बोली येते. "अरे, ड्रायव्हर एकच हाय ना? मग तीन चुली कशाला मांडल्या?" तीन मेकफाइलींनी तीन वेगळी मोड्यूल बनवली होती आणि एकाचं फंक्शन दुसऱ्याला दिसत नव्हतं. सरांनी फोल्डर तसेच ठेवले, आतल्या मेकफाइली काढून टाकल्या आणि बाहेर एकच लिहिली. तिच्यात प्रत्येक फाइल तिच्या फोल्डरच्या नावासकट घातली. कार्ड चालू झालं.

मालकांचा राग तरी उतरेना. तेव्हा सर म्हणाले, "मेकफाइल कुठे ठेवायची ते सांगणं माझं काम. मी सांगितलं न्हाय. काढायचं तर मला काढा." मालकांनी माघार घेतली आणि माझी नोकरी राहिली.

सरांना साठीनिमित्त उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, ही मनापासून इच्छा. आता माझ्याही हाताखाली माणसं आहेत. परवा एकीचा कोड फसला तेव्हा साहेबांपुढे मी उभी राहिले आणि पाय लटपटत होते हो माझे! सर, त्या दिवशी तुमचेही लटपटत होते का?