नवरदेव कोकणात उतरला

डोंगर चढताना वाट चुकली तर माणूस उशिरा पोहोचतो. उतरताना चुकली तर दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचतो.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. (आईवडिलांचे उपकार!) त्यामुळे खताच्या पोत्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत काहीही वाचायचं असलं की माझ्याच हातात येतं. कोडोलीच्या माझ्या जिवलग मित्रानं, संजूनं, त्याच विश्वासानं नकाशाही माझ्याकडे सोपवला.

संजूला माझी मामेबहीण मीच सुचवली होती. रविवारी अकराला मामा त्याचं घर बघायला येणार होता. शनिवारी संजू म्हणाला, लग्न ठरलं की डोंगर बंद, आजच जाऊन येऊ. गेलो. तंबूच्या खुंट्या घरीच राहिल्या, म्हणून तंबू म्हशीच्या दाव्यानं करवंदीच्या जाळीला बांधला. पहाटे शिखर सर केलं. इथवर सगळं झकास!

मग धुकं आलं. समोर एक धनगर म्हशी घेऊन उभा. संजू त्याला वाट विचारायला निघाला, तर मी अडवलं. "मोबाईल हाय की! मग शिकलोय कशाला?" रेंज नव्हती, नकाशात नुसता हिरवा रंग उरला होता. मी हिरव्याच्या रोखानं निघालो.

दोन तासांनी संजूनं काजूची झाडं दाखवली. असतील, म्हटलं. मग माडही दिसले. मी चाल वाढवली. शेवटी एका अंगणातल्या आजींनी विचारलं, "खंयसून इलात?" कोल्हापूर जिल्ह्यात असं कुणी विचारत नाही.

तेवढ्यात रेंज आली आणि मामाचा फोनही. कोडोलीत पाहुणे तिसरा चहा पीत होते, आणि मुलगा लग्नाला घाबरून पळाला अशी कुजबुज सुरू झाली होती.

"कुठं हाईस रं?"

"कोकणात, मामा."

पलीकडे मामानं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. सोयरीक मोडलीच! संजूनं फोन ओढून घेतला.

"मामा, मी पळालो न्हाय. वाट तुमचा भाचा दावत हुता."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" मामा हसत म्हणाला, आणि सोयरीक पक्की केली.

मामाला मुलगा नाही. त्यामुळे लग्नात नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवात आणायचा मान माझा. अंतर पन्नास पावलं.

"मांडव दिसतोय न्हवं तुला?" मामानं विचारलं.

मी व्हय म्हणालो. तरी त्यानं मांडव येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.