गाडीने आलेल्याला ताक नाही

सिंहगडावर गाडीरस्ता केला, तो ज्याने केला त्याला गड कळला नाही, असं माझं मत आहे. गाडीने जे वर येतात ते चढत नाहीत, नुसते पोचतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. निसर्गाचं वर्णन वगैरे मला जमत नाही, आणि ज्यांना जमतं ते बहुतेक गाडीने आलेले असतात. वरून खडकवासल्याचं पाणी दिसतं, हवा चांगली असली तर तोरणा आणि राजगड दिसतात. एवढं पुरे.

आम्ही एकाच कारखान्यातले चौघे. दर रविवारी स्वारगेटहून पहिली बस पकडायची, पायथ्याला उतरायचं आणि पायवाटेने वर. पुणे दरवाजाच्या आत आमचा एक कातळ ठरलेला होता. त्यावर बसून घरच्या भाकरीचं फडकं सोडायचं आणि खालच्या वाडीतून चालत येणाऱ्या मावशीकडून ताक घ्यायचं. नियम एकच, आणि तो मी केलेला. गाडीने आलेल्याला आमच्या कातळावर जागा नाही आणि आमच्यात ताकही नाही. एकदा कारखान्याचे मॅनेजर सहकुटुंब गाडीतून आले. ओळख दाखवून कातळाशी उभे राहिले. मी बसल्या जागेवरून नमस्कार केला, पण सरकलो नाही. सोमवारी ते मला काही बोलले नाहीत. बोलणार काय?

पुढे देशात बाहेरच्या कंपन्या आल्या आणि आमचा कारखाना गेला. आम्हाला हार घालून घरी बसवलं. आमची मशिनं होती तिथे आता इमारती आहेत, पोहण्याच्या तलावासकट. त्या तलावात कोणी पोहताना मी अजून पाहिलेलं नाही.

मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. कंपनीची बस न्यायला येते, गळ्यात पट्टा असतो, तो पट्टा रविवारीही काढायचं त्याला सुचत नाही. आठवडाभर खुर्चीत बसलेली ही मंडळी मग गडावर यायला लागली. पायात बूट असे, की जणू हिमालयच समोर आहे. पहिल्याच वळणावर विचारणार, "काका, अजून किती राहिलंय?" मी पुढे चालू लागतो. त्यातले शहाणे गाडी काढतात. घाटात रांग लागते, काचा वर करून तासन्‌तास बसतात आणि निम्म्यातून परत फिरून सांगतात, सिंहगडला जाऊन आलो. गाडीत बसून पुढची गाडीच बघायची होती, तर हिंजवडीचा चौक काय वाईट होता?

चौघांतला एक वारला. एक मांजरी गावाला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेला, तो आता सोसायटीच्या बागेत गोल गोल फिरतो आणि त्याला व्यायाम म्हणतो. उरलो मी आणि माझ्या शेजारच्या मशिनवरचा माझा दोस्त. त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. बरा झाल्यावर एका रविवारी तो जावयाच्या गाडीतून वर आला. मी कातळावर एकटा होतो. जावयाने त्याचा दंड असा धरला होता, की जणू काचेचं सामान आणलंय.

"सरक," दोस्त म्हणाला.

"गाडीने आलास?"

"डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय."

"मग डॉक्टरांच्या शेजारी बस."

जावई मला ऑपरेशन म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला. दोस्तानेच त्याला थांबवलं. म्हणाला, राहू द्या जावईबापू, आमच्यात नियम आहे. आणि तो पलीकडच्या दगडावर जाऊन बसला. त्यानंतर दर रविवारी तसंच. तो त्याच्या दगडावर, मी माझ्या कातळावर, आणि मधून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावरून आमच्या गप्पा. लोकांना वाटायचं, दोन म्हातारे भांडताहेत. वाटू दे. फोनवर बोलणं आम्हा दोघांनाही जमत नाही, त्यामुळे भेट व्हायची ती तिथेच.

मग माझा गुडघा गेला. डॉक्टरने फोटो दाखवला, त्यात मला काही दिसलं नाही, त्याला बरंच दिसलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आपली गाडी आहे ना. काका नाही का गाडीने येत?" मी म्हटलं, म्हणूनच ते दगडावर बसतात. सूनबाईंनी मध्यस्थी केली. म्हणाल्या, आपणही दगडावर बसा. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मी चालतच निघालो. निम्म्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तिथे गुडघ्याने नाही म्हटलं. बसलो. पुढच्या रविवारीही तिथवरच; ताकाची मावशी मला तिथे बसलेला बघून वर गेली. दोस्त वर वाट बघत असणार हे कळत होतं. पण नियम मी केला होता, आणि माझ्यासाठी तो वेगळा करायचा तर इतकी वर्षं कशाला पाळला?

असाच एका रविवारी त्या दगडावर भाकरीचं फडकं सोडून बसलो होतो. वरून काठी टेकत, पाऊल चाचपत कोणीतरी उतरत होतं. दोस्त होता. एका हातात कडीचा डबा.

"चढायला मनाई आहे," तो म्हणाला. "उतरण्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत."

धाप लागली होती, तरी बसला नाही. माझ्यासमोर उभा राहिला. मी विचार केला. वर तो गाडीने आला होता, यात शंका नाही. पण या दगडापर्यंत गाडी येत नाही. इथे तो त्याच्या पायांनी आला होता.

मी सरकलो.

तो बसला आणि डब्याचं झाकण उघडलं. "मावशी चालत आली, पुढे मी चालत आलो," तो म्हणाला. "ताकाला गाडी लागलेली नाही."

भाकरी अर्धी अर्धी केली. ताक आंबट होतं, ते मी त्याला सांगितलं. मग हळूहळू दोघे पायथ्याला उतरलो. जावई घाटाने गाडी खाली घेऊन उभाच होता. दोस्त म्हणाला, बस, स्वारगेटला सोडतो, नियम गडावर येण्याचा आहे, घरी जाण्याचा नाही.

नियम माझा आहे. त्यात काय येतं आणि काय येत नाही, ते मी ठरवतो. मी बसने गेलो. बसायला जागा मिळाली नाही, तरी बसनेच गेलो.