साहेबाची जीप

"रंग फसवतोय, भोकं न्हाय फसवत," असं म्हणत हवालदार जीपच्या डॅशबोर्डाखाली हात घालायचे आणि डोळे मिटून चाचपत राहायचे.

माझं जुन्या गाड्या रंगवायचं वर्कशॉप आहे. कोल्हापुरात जीपचं वेड किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरातीलासुद्धा मिलिटरीचीच पाहिजे असते! कुणी हिरवा रंग फासून 'लढाईतली' म्हणून गाडी आणली, की मी मंगळवार पेठेतून रिटायर झालेल्या हवालदारांना बोलावून घ्यायचो. पलटणीच्या वर्कशॉपात त्यांची हयात गेलेली.

वायरलेस सेटची चार भोकं हाताला लागली, की म्हणायचे, "साहेबाची हाय." मागं मशिनगनच्या खांबाचा पाया दिसला, तर "टेहळणीची." काहीच नसलं, तर मालकाच्या तोंडावर, "पावणं, दूध वाहत होती ही. सलाम ठोकू नका हिला."

मालक भडकायचे, माझं गिऱ्हाईक तुटायचं. मी कुरकुरलो तर म्हणायचे, "मग बोलवतोस कशाला?"

साहेबाची जीप निघाली, की मात्र सत्तरी उलटलेला हा माणूस सरपटत गाडीखाली जायचा. एकदा मी कारण विचारलं आणि त्यांनी सांगून टाकलं. सीमेवर असताना एका साहेबाच्या जीपचा स्टिअरिंगचा ब्रॅकेट त्यांनी घाईत वेल्ड केला होता. दुसऱ्याच दिवशी जीप दरीत गेली. साहेब गेले, ड्रायव्हरही गेला. चौकशीत चूक ड्रायव्हरची ठरली. तो गारगोटीचा, यांचा दोस्त. जीप पुढं भंगारात विकली गेली.

"माझं काम तुटलं का त्याचा हात चुकला, एवढंच बघायचंय," ते म्हणाले. आपल्या प्रत्येक वेल्डिंगशेजारी ते खूण म्हणून टोकदार पंच ठोकून तीन टिंबं मारायचे. ती टिंबं ते चाळीस वर्षं शोधत होते.

गेल्या उन्हाळ्यात पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारी एक जीप रंगाला आली. डॅशबोर्डाखाली चार भोकं लागली, आणि हवालदार गाडीखाली गेले ते बाहेरच येईनात. मी टॉर्च घेऊन वाकलो. कुणीतरी शेजारी नवी पट्टी बोल्टनं बसवली होती. स्टिअरिंगच्या ब्रॅकेटचा जुना तुटका सांधा तसाच उघडा पडला होता, आणि त्याच्या कडेला तीन टिंबं.

"दरीत आपटून तुटलं असंल," मी म्हणालो.

"न्हाय रं. आतनं लोखंड धरलंच न्हाय बघ. नुसतं वरनं भरलंय मी."

मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. मी त्यांना हात देऊन बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गारगोटीला गेले. आल्यावर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. ड्रायव्हरच्या बायकोनं दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सासूनं मरस्तवर लेकाच्या फोटूला हार घातला न्हाय. साहेबाचा जीव घेतला म्हणायची. दोन वर्सं झाली तिला जाऊन." आणि तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतर हवालदार वर्कशॉपात आले नाहीत. दर सोमवारी एसटीनं गारगोटीला जातात, असं कळलं. एका सोमवारी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. घराचं दार बंद होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाहेरच्या कट्ट्यावर मागच्या सोमवारचा झेंडूचा हार वाळून पडला होता. हवालदारांनी तो बाजूला सरकवला आणि नवा ठेवला.