पत्रकात न मावलेली ओळ

त्या वर्षी महारोगावरचं पत्रक मी लिहिलं, भवानी पेठेतल्या एका छापखान्यात छापून घेतलं आणि गावोगाव वाटलं, भिंतींवर स्वतःच्या हाताने चिकटवलं. ‘न जाणारा चट्टा, न भरणारी जखम म्हणजे महारोग! घरात लपवू नका!’ अक्षरं एवढी मोठी घेतली, की ‘सुई टोचून पाहा; दुखलं तर तो बहुधा महारोग नव्हे’ ही ओळ मावेना. ती मीच काढली. वाचणारा घाबरला पाहिजे, असं तेव्हा माझं मत होतं.

तीन-चार महिन्यांनी मंद्रूपकडचा एक धनगर बायकोला घेऊन दवाखान्यात आला. तिच्या टाचेवर लालसर, ओली गाठ. तिला मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीशेजारी वेगळं ठेवलं होतं, ताटलीसुद्धा वेगळी. दीड वर्षाची पोरगी सासूकडे. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथेच होतो. भडकलो.

"बायकोला जनावरासारखी बाहेर ठेवता? लाज नाही वाटत?"

त्याने मुंडाशातून कागदाची घडी काढली. "तुमचाच कागुद हाय की. मास्तरनं वाचून दावला."

मी घडी उलगडली. माझंच पत्रक.

डॉक्टरांनी गाठीच्या कडेला सुई टोचली. ती किंचाळली, "आगं आयाई! मुडदा बशीवला ह्या डाक्तरचा!"

डॉक्टर हसले. "द्या शिव्या, बाई. दुखतंय, म्हणजे महारोग वाटत नाही."

मग गाठीचा बारीक तुकडा काढून, बाटलीत घालून त्यांनी तो मुंबईला पाठवला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. उत्तर वाईट आलं. कातडीचा कॅन्सर, तोही काळ्या गाठींच्या जातीतला. पण हिच्या गाठीत काळेपणाच नव्हता. असा प्रकार विरळा, डॉक्टर म्हणाले, नुसत्या डोळ्यांनी त्यांनाही ओळखता आला नसता. पाय काढावा लागेल, आणि तरी खात्री नाही.

तिने एवढंच विचारलं, "ह्यो पोरीला लागतोय का?"

"नाही. शिवल्याने लागत नाही."

"मंग पोरीला आणा की. आदी ती, मग पाय."

पोरगी आईला विसरली होती. मांडीवर बसेना, रडून लाल झाली. आईने तिला सोडलं नाही. रडं थांबेपर्यंत झुलवत राहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, चावडीच्या भिताडावरचा तेवडा कागुद काडा."

दुसऱ्या दिवशी गेलो. खळ मीच लावली होती, घट्ट. नखांनी खरवडावा लागला.