बापाला वगळून दिलेली साक्ष

“तुझ्या बापाने तुला काय खाऊ घातलं, ते सांग यांना.”

अमरावतीचा कापसाचा बाजार भरला होता. मिशनच्या मास्तरांनी मला रिकाम्या बंडीवर उभं केलं होतं आणि खालून हे विचारत होते. विचारत कसले, घोकून घेतलेला पाठ म्हणवून घेत होते. प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्यालाही वाट सापडते. याला साक्ष म्हणत. माझी साक्ष मास्तरांनी लिहिली होती. ते नगरकडचे, वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेले. त्यांच्या स्वतःच्या साक्षीत शास्त्रं होती, काशी होती. मी महाराची पोर. माझ्या साक्षीत ढोरं.

मी म्हटलं, “मेलेलं ढोर.”

बाजार हसला. कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे हसायला सगळ्यांना सवड होती. कोरा अंगरखा घातलेला एक दलाल म्हणाला, “मंग आता काय खाते, सायबाचं उष्टं?” मास्तरही हसले. गर्दी जमली म्हणून खूश. मी पुढचं घडाघडा म्हणून टाकलं. बाप अंधारात होता. बापानं मला घाण चारली. प्रभूनं त्या घाणीतून मला काढलं.

मग मला बा दिसला.

गाड्यांच्या आडोशाला उभा होता. तिवशाकडच्या आमच्या गावाहून मला भेटायला पायी आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी बंडीवरून उतरून त्याच्याकडे गेले, पण मान वर होईना. त्यानं फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी माझ्या हातात दिल्या.

“खोटं नाही बोलली तू, माय,” तो म्हणाला. “पन सारं नाही बोलली.”

आणि गेला. मी हाकसुद्धा मारली नाही. लोक बघत होते ना. बापाला बाप म्हणायची लाज वाटली मला. ती लाज गेली, पण तिची लाज अजून गेली नाही.

सारं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. ज्या साली शिवारभर कापूसच पेरला गेला आणि ज्वारी डोळ्याला दिसेना, त्या साली बा वाळवलेल्या मांसाच्या उरल्यासुरल्या चान्या माझ्या ताटलीत टाकायचा आणि म्हणायचा, मी पाटलाकडे जेवून आलो. पाटील त्याला अंगणात पाय ठेवू देत नव्हता. मला हे कळत होतं. कळूनही मी खात होते.

पुढे मिशनच्या शाळेत ऐकलं, की येशूनं लोकांसाठी आपला देहच भाकर करून दिला. इतरांना ते समजावून सांगावं लागलं. मला नाही लागलं. मी असा माणूस घरात पाहिला होता. म्हणून मी ख्रिस्ती झाले. मास्तरांनी कधी विचारलंच नाही.

पुढच्या बाजाराला अकोल्याहून गोरे पाहुणे आले. मला पुन्हा वर चढवलं. पुन्हा तोच प्रश्न. मिशनच्या आवारातली खोली, दुपारचं वाचायला शिकणं, सगळं मास्तरांच्या मर्जीवर होतं. तरी मी बापाची भूक सांगितली. त्याचं पाटलाकडचं खोटं जेवण सांगितलं. म्हटलं, “मले येशू पयले माह्या बापात दिसला.”

मास्तरांनी हात धरून खाली ओढलं. “हे तुला शिकवलं नव्हतं.”

“तुमाले माईतच नाही, तं शिकवता कसं?”

दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितली. कृतघ्न म्हणाले. मी गावी गेले. बा पटकीनं मरून चार दिवस झाले होते. बाजारात मी त्याच्याबद्दल काय बोलले, त्यातलं पहिलंच तेवढं तो घेऊन गेला. याला माफी नाही. मी मागतही नाही.

आता एका व्यापाऱ्याकडे रेचा फिरवते, कापसातून सरकी वेगळी काढते. वाचन जोडाक्षरांशी अडलं ते अडलंच. सोबतच्या बाया विचारतात, तू काहून ख्रिस्ताव झाली? मी सांगते. मेलेलं ढोर लपवत नाही, आणि ते कुणी कुणासाठी ताटलीत टाकलं, तेही लपवत नाही. माझ्या तोंडून येशूचं नाव ऐकायचं असेल, तर आधी माझ्या बापाचं ऐकावं लागेल. ज्याला ते विटाळाचं वाटतं, त्यानं उठून जावं. मी बोलायची थांबणार नाही.