अद्रकाची बियर आन आईचं नाक

आमच्या घरी बियर बनते असं ऑफिसात सांगितलं, की लोक आधी हसतात आन मग बाबाची चौकशी करतात. अवो, अद्रकाची बियर! चढत नाही ते. म्हणजे, चढू द्यायची नसते. सगळी गोम तिथंच आहे.

माझे बाबा, कवडू, प्रताप नगरात कूलर दुरुस्त करतात. डॉक्टरनं लिव्हरचा रिपोर्ट समोर आपटला तेव्हापासून दारू बंद. पण उन्हाळ्याची संध्याकाळ झाली की माणूस नुसता घरभर फिरे. सरबत दिलं तर म्हणे, "मी काय पाहुणा आहो का?" एक दिवस म्हणाले, "रितिका, मले नशा नाही पाहिजे वं. तो फेस पाहिजे, तो झटका पाहिजे."

मी मोबाइलवर शोधलं. बरणीत किसलेलं अद्रक, साखर, पाणी. रोज थोडं अद्रक, थोडी साखर अजून टाकायची. बुडबुडे आले की ते विरजण अद्रकाच्या गोड पाण्यात मिसळायचं, लिंबू पिळायचं, बाटल्या भरायच्या. बाबा दात घासायच्या आधी बरणी पाहत आन ओरडत, "जिवंत आहे वं!" शेजारचे देवराव काका कंपाउंडवरून चिडवत, "काहून गा कवडू, घरीच भट्टी लावली का?"

पहिल्या बाटल्या ओट्यावर ठेवल्या. नागपूरचा मे महिना! एक फुटली, आई किंचाळली, छतापर्यंत अद्रक. फ्रिज तं बारका, मग बाबानं डोकं चालवलं आन बाटल्या कूलरच्या टाकीतल्या गार पाण्यात उभ्या केल्या. मस्त जमली. पहिला घोट घेताना त्यांचा चेहरा पाहून मले रडू आलं, खोटं काहून सांगू.

मग आम्ही चार दिवस कुही गावाले लग्नाले गेलो. कूलर बंद, घर तापलेलं, बाटल्या टाकीतच. परत आल्यावर देवराव काकाले बोलावलं, बाटली उघडली, फेस भसकन वर. काका प्यायले, "वा!" म्हणाले. मी वास घेतला, मले अद्रकच अद्रक. बाबानं ग्लास उचलला आन आईनं त्यांचा हात धरला. ग्लास आपल्या नाकाजवळ नेला.

"हे नाही प्यायचं. हे चढलं."

"अवो वहिनी, अद्रकाचं पाणी तं आहे!"

"तुम्हाले चव समजत असन, भाऊजी. मले वास समजते. बावीस वर्षं दार उघडलं की हाच वास राहे."

काकानं ग्लास खाली ठेवला. बाबा उठले, सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. मले धाकच पडला. हा छंद गेला तर हा माणूस संध्याकाळी जाईल कुठं? पण सकाळी बाबा बाजारातून अद्रक घेऊन आले. आईसमोर पिशवी ठेवली. "बनवतो मी, कौशल्या. पण तू हो म्हटल्याबिगर पिणार नाही."

तेव्हापासून दर बाटलीचा पहिला ग्लास आईच्या नाकाखाली जाते. ती "हं" म्हणते, मगच बाबा पितात.

परवा आईले सर्दी झाली. नाक पार चोंदलेलं. ग्लास भरलेला, फेस बसून गेला, तरी बाबा हात लावत नव्हते.

"अवो, रितिकाले द्या ना वास घ्याले," आई कुरकुरली.

"तिले काय समजते?"

मी भडकली. "वा रे वा! बनवाले शिकवली म्या, आन मलेच समजत नाही?"

"नाही समजत, बेटा," बाबा हळूच म्हणाले. "मी पिऊन घरी यायच्या आधी तुही आई तुले झोपवून देत जाय. मोठी झाली तं हॉस्टेलले पाठवलं."

आई नाक पुसत राहिली. बाबानं ग्लासावर ताटली झाकली आन फ्रिजमध्ये ठेवून दिला, तिची सर्दी उतरेपर्यंत.

खरंच आहे. बाबा एवढी वर्षं प्याले, पण तो वास मले माहीतच नाही. आईनं एकटीनं घेतला, माझ्यापर्यंत येऊच नाही दिला. या बाईचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडू?